सत्तरपैकी साडेबासष्ट

सलग चौथ्या रविवारी निरीक्षकांच्या बायकोने मांडणीवरून तीन ताटं काढली आणि एक परत ठेवलं. ताट ठेवतानाचा आवाज जरा मोठा झाला, आणि निरीक्षकांनी हातातलं वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

तिसरं ताट तिच्या धाकट्या भावाचं. भाऊ दातांचा डॉक्टर, एकटा राहणारा, क्लिनिक चार गल्ल्या पलीकडे. अकरा वर्षं तो दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा. जेवण झालं की तिघं पत्ते खेळायची, आणि हरला की डॉक्टर म्हणायचा, भावोजींनी पानं नीट मोजून वाटली नाहीत. वजनमापं खात्यात चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेल्या माणसाला मोजता येत नाही, असं तोंडावर म्हणायची हिंमत असलेला तो एकटाच. असा माणूस महिनाभर फिरकला नव्हता, आणि कारण काय, तर नाण्यावरच्या राजाच्या गालावर एक ओरखडा.

नाणी खरं तर दोन होती. बहीणभावाचे वडील पेढीत रोखपाल होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कोऱ्या नाण्यांच्या एकाच पिशवीतून चांदीची दोन नाणी घरी आणली, दोन पुड्या बांधल्या, एक मुलीच्या हातावर ठेवली आणि एक मुलाच्या. साल तेच, टांकसाळ तीच. पुढे वडील गेले. पुड्या आपापल्या कपाटात राहिल्या.

त्या पुड्या सुटल्या त्या निरीक्षकांच्या निवृत्तीनंतर. तराजूंशिवायच्या जगात त्यांचा जीव रमेना. त्यांनी घरातला स्वयंपाकाचा काटा तीनदा तपासला, शेजारच्या वाण्याने त्यांना बघून दुकानाची वेळ बदलली, आणि मग त्यांना नाण्यांचा नाद लागला. त्यातही नाण्यांपेक्षा नाणी तपासणाऱ्या कंपन्यांचं अप्रूप जास्त. या कंपन्या नाणं भिंगाखाली धरतात, सत्तरपैकी गुण देतात आणि गुणांच्या चिठ्ठीसकट जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. सत्तर म्हणजे माणसाचा हातच न लागलेलं नाणं. साठाच्या खाली म्हणजे बाजार फिरून आलेलं. सगळी इभ्रत काय ती मधल्या दहा गुणांत.

निरीक्षकांनी बायकोचं नाणं पाठवलं ते सगळ्यात कडक म्हणून नाव असलेल्या कंपनीकडे. घरात तिला ‘खडूस’ म्हणत. खडूसने राजाच्या गालावरच्या एका ओरखड्याचे गुण कापून त्रेसष्ट दिले. निरीक्षकांना आनंद झाला, कारण गुण कमी मिळाले की तपासणी चोख झाली अशी त्यांची समजूत होती. मेहुण्याच्या कानावर हे गेलं, आणि त्याने गुपचूप आपलं नाणं दुसऱ्या कंपनीकडे पाठवलं. ही कंपनी हात सैल सोडण्याबद्दल प्रसिद्ध. तिचं नाव पडलं ‘दिलदार’. दिलदारने पासष्ट दिले.

त्या रविवारी डॉक्टर डबी खिशात घालून आला, जेवताना ती ताटाशेजारी ठेवली आणि हसत हसत म्हणाला, “बाबांनी चांगलं नाणं मला दिलं म्हणायचं, ताई.”

थट्टाच होती ती. ताईही हसली. पण तिने त्या दिवशी भात वाढून घेतला नाही, आणि हे निरीक्षकांच्या नजरेतून सुटलं नाही. बायकोची बाजू घ्यायची तर चार मायेचे शब्द पुरले असते. निरीक्षकांनी तक्ता केला. जुन्या लिलावांच्या याद्या मागवल्या, दोन्ही कंपन्यांकडे जाऊन आलेली शंभर-सव्वाशे नाणी शोधली आणि सिद्ध केलं, की दिलदार सरासरी अडीच गुण फुकट वाटते. म्हणजे मेहुण्याचं नाणं खडूसच्या मापाने साडेबासष्ट. अर्धा गुण कुठल्याच कंपनीत नसतो, आणि खात्याच्या शिस्तीत अर्धं नेहमी खाली जातं. सबब, बासष्ट. हा निष्कर्ष त्यांनी सहीनिशी मेहुण्याला पोस्टाने पाठवला.

डॉक्टरने उलट टपाली कळवलं, की खडूसवाले पाळण्यातल्या बाळाच्या गालावरही ओरखडा शोधतील, आणि भावोजींची त्यांच्याकडे खरी गरज आहे. त्यानंतर रविवार बंद झाले.

ताईने दोघांनाही काही समजावलं नाही. भावाला एकदा फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “आधी भावोजींनी तो अर्धा गुण परत द्यावा.” नवऱ्याला एकदा विचारलं, तर ते म्हणाले, मापात चूक असेल तर दाखव. तिने विषय सोडला. रविवार मात्र ती मोजत होती.

शेवटी तोडगा निघाला तोही पोस्टानेच. दोन्ही नाणी दोन्ही कंपन्यांकडे पाठवायची, म्हणजे एकाच मापाने दोघांचा न्याय. पण दुसऱ्याच्या डबीतलं नाणं आम्ही तपासत नाही, मोकळं करून पाठवा, असं दोन्ही कंपन्यांचं म्हणणं पडलं. डब्या फोडणं आलं. निरीक्षकांनी पूर्वी एकदा एक किरकोळ नाणं हातोडीने मोकळं करून पाहिलं होतं. ते अजून बहुधा फ्रिजच्या मागे असावं. तेव्हा दाढ कापता येते तिथे डबीचं काय, असा विचार होऊन क्लिनिक ठरलं. वार गुरुवार.

त्या सकाळी निरीक्षक बायकोच्या नाण्याची डबी, भिंग आणि सुती हातमोजे घेऊन निघाले, तेव्हा ती फोनवर होती. क्लिनिकमध्ये मेहुण्याने सांगितलं, “आत्ताच ताईचा फोन होता. बाईंशी बोलत होती, दाढ दुखतेय म्हणे.”

“मला नाही बोलली.”

“तुम्हाला बोलून काय करणार? तुम्ही दाढेला गुण द्याल.”

महिन्याभरात दोघं एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होते. बाई म्हणजे क्लिनिकमधल्या मदतनीस. बावीस वर्षं तिथे होत्या आणि डॉक्टरच त्यांना वचकून असायचा. हत्यारं धुण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण सांगितल्याशिवाय ट्रेला बोट लावायचं नाही हा त्यांचा नियम. पेशंट गेल्यावरही डॉक्टरने ‘उचला’ म्हणेपर्यंत ट्रे तसाच राहायचा, आणि डॉक्टर रोज त्यावरून कुरकुरायचा.

बाहेरच्या बाकावर गाल सुजलेला एक पेशंट बसला होता. त्याला पाच मिनिटं थांबायला सांगून दोघांनी पडदा ओढला. डॉक्टरने चष्मा चढवला, ड्रिल सुरू केलं आणि डबीची कड कापायला घेतली. निरीक्षक खुर्चीवर वाकून सूचना देत होते. पडद्याबाहेर त्या सगळ्या ऐकू जात होत्या.

“हळू घे. गालाला लागलं तर संपलं सगळं.”

“भावोजी, अंगावर येऊ नका. हात हलतो माझा.”

“मागच्या वेळी हातोडीने केलं होतं, तेव्हा उडून कुठे गेलं ते सापडलंच नाही.”

दुसरी डबी उघडली, दोन्ही नाणी ट्रेमधल्या कापसावर शेजारी शेजारी ठेवली गेली, आणि डॉक्टरने पडदा सारून पाहिलं तर बाक रिकामा. पेशंट रस्त्याच्या वळणावर पोचला होता, सुजल्या गालावर हात ठेवून, चांगल्या वेगात. डॉक्टर त्याच्यामागे धावला. पेशंटची समजूत घालायला एक जबाबदार माणूस बरोबर असावा म्हणून निरीक्षकही निघाले, हातमोज्यांसकट. पांढरे हातमोजे घातलेला आणखी एक जण मागे लागलेला बघून पेशंटने वेग वाढवला. तो काही परत आला नाही. औषधाच्या दुकानातून त्याने हात जोडून सांगितलं, की दाढ आपोआप थांबली आहे.

दोघं धापा टाकत परतले तेव्हा ट्रे रिकामा होता. कोपऱ्यात हत्यारं धुवायचं यंत्र गुणगुणत होतं. बाईंनी झाकण उघडलं, चिमट्याने दोन नाणी बाहेर काढली, कवळ्यांना चकाकी आणायच्या ब्रशखाली एकेक धरली, फडक्याने पुसली आणि ट्रेमध्ये ठेवली. नाणी नव्या कवळीसारखी चमकत होती.

“ट्रेमध्ये होतं, धुतलं,” बाई म्हणाल्या आणि हात पुसत बाहेर गेल्या.

निरीक्षक पेशंटच्या खुर्चीवर बसले, ती आडवी होती म्हणून जवळजवळ झोपले. नाणं साफ करणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बायकोने मायेपोटी त्यांचं एक नाणं भांड्यांच्या पावडरीने लख्ख केलं होतं, तेव्हा त्यांनी तिला अर्धा तास सांगितलं होतं, की घासलेल्या नाण्याला जगातली कुठलीही कंपनी एक गुण देत नाही. ती ‘बरं’ म्हणाली होती.

त्यांनी भिंग लावून गालावरचा ओरखडा शोधला. दोन्ही राजांच्या गालांवर आता सारखेच हजार बारीक ओरखडे होते. कुठलं नाणं कोणाचं, तेही कळेना.

“ताईला काय सांगायचं?” डॉक्टरने विचारलं.

“सध्या काही नाही. दिलदार कदाचित लक्ष देणार नाही.”

“आणि खडूस?”

निरीक्षकांनी भिंग खिशात घातलं. डॉक्टर म्हणाला, “रविवारी येतो मी. तुम्हाला एकट्याला तिच्यासमोर कसं बसवू?”

रविवारी तीन ताटं निघाली ती परत गेली नाहीत. दोघं पुरुष खाली मान घालून जेवले, वाढेल ते खाल्लं, मीठ जास्त झालं होतं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पत्त्यांत डॉक्टर हरला आणि भावोजी पानं फार छान वाटतात म्हणाला. पुढच्या रविवारीही तेच. मधल्या वारीही तो काहीतरी निमित्त काढून डोकवायला लागला, आणि दोघं गॅलरीत उभे राहून हळू आवाजात दोन्ही कंपन्यांच्या टपालाच्या वेळा बोलायचे. ताई आतून विचारायची, काय चाललंय? “हवा,” दोघं एकदम म्हणायचे.

नाणी आधी दिलदारकडे गेली, तिथून परत आल्यावर खडूसकडे. दीड महिन्याने दुसरं पाकीट आलं त्या रविवारी लपवण्यासारखं काही उरलं नाही. निरीक्षकांनी दोन्ही पत्रं टेबलावर ठेवली. दिलदारने लिहिलं होतं: साफ केलेलं, गुण नाहीत. खडूसनेही तेच. दोन्ही नाण्यांना तेच. शंभर-सव्वाशे नाण्यांवर एकदाही न जुळलेल्या दोन कंपन्या या घरातल्या दोन नाण्यांवर शब्दन् शब्द जुळल्या होत्या.

“चूक माझी,” निरीक्षक म्हणाले. “मोकळी नाणी टाकून मी उठायला नको होतं. वडिलांची आठवण होती तुझ्या.”

“ड्रिल माझं होतं,” डॉक्टर म्हणाला. “ताई, तू बोल काय बोलायचं ते.”

ताईने दोन्ही नाणी पाकिटातून तळहातावर काढली. उलटीपालटी करून पाहिली.

“कुठलं माझं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सांगता येत नाही, असं डॉक्टर अगदी बारीक आवाजात म्हणाला.

“बाबांनी दिली तेव्हाही सांगता येत नव्हतं,” ती म्हणाली. एक नाणं तिने भावाच्या ताटाशेजारी ठेवलं, एक आपल्या. “बाळ्या, भात घे.”

तिने स्वतःही भात वाढून घेतला. जेवण झाल्यावर ती फोनपाशी गेली. बाहेरच्या खोलीत ऐकू आलं, की ती बाईंशी बोलते आहे. दाढ आता बरी आहे, म्हणाली. अगदी बरी. तुमचे उपकार झाले.

निरीक्षक पत्ते पिसत होते. ते थांबले.

“कुठली दाढ?” त्यांनी मेहुण्याला विचारलं.

“उजवीकडची म्हणे. खालची.”

“ती तू आठ वर्षांपूर्वी काढलीस. मी बाहेर बाकावर होतो.”

डॉक्टरने तोंड उघडलं. बावीस वर्षांत सांगितल्याशिवाय ट्रेला बोट न लावणाऱ्या बाई त्याला आठवल्या असाव्यात, कारण तोंड बराच वेळ उघडंच राहिलं. निरीक्षकांनी उठून कंपन्यांच्या तक्त्याची वही आणली. कडकपणाच्या रकान्यात खडूस पहिली होती, दिलदार दुसरी. त्यांनी दोन्ही नावं खोडून एकेक घर खाली सरकवली आणि वर जागा केली.

ताई फोन ठेवून आली आणि पानं उचलता उचलता वहीत डोकावली.

“काय लिहिताय?”

“काही नाही.”

“लिहा की,” ती म्हणाली, “पण अर्धा गुण कापू नका.”