चपला राहिल्या राजूरला

नाना गुंजाळांच्या ट्रकमध्ये चढायचं तर चपला खाली काढाव्या लागत. कारण त्या ट्रकला उंबरठा होता. चांगला सागवानी, हळदीकुंकू लावलेला. त्यावर पाय देऊन कुणी आत आलं, की नाना त्याला पुन्हा खाली उतरवत आणि नीट ओलांडून यायला लावत. "घर म्हनलं की घरावानी पायजे, मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नाना संगमनेरात आमचे शेजारी. जन्मभर तंबाखूचे ट्रक हाकले, मुलूख पालथा घातला, आणि हात थकल्यावर मालकाने मोडीत काढलेला ट्रक घरी घेऊन आले. गल्लीला वाटलं, म्हातारा आता भाडी मारणार. नानांनी त्यावर खोली बांधली. फळ्यांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, गज लावलेल्या दोन खिडक्या, आत देव्हारा, रॉकेलचा स्टो आणि डब्यांची फळी. बाहेर डालड्याच्या डब्यात तुळस. दारावर पाटी होती, 'कुत्र्यापासून सावध राहा'. कुत्रा नव्हता. पाटी बाजारात तयार मिळाली, म्हणून लावली.

या घराची रीतसर वास्तुशांतही झाली. गुरुजींनी दार पूर्वेला नाही अशी शंका काढली, तेव्हा नाना पुढे जाऊन बसले, गाडी सुरू केली आणि घर पूर्वेला केलं. गुरुजी आतच होते. त्यांनी समोरचा कलश धरला आणि पुढचं सगळं फार घाईने उरकलं.

हे सगळं कशासाठी, ते गल्लीला ठाऊक होतं. नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, घराबाहेर राहायला जात नसत. नवऱ्याने अर्धा देश पाहिला, आणि काकूंनी पाहिली ती स्वतःची चूल. त्यांचं माहेर भंडारदऱ्याच्या धरणाकडे, शेंडीला. भाऊ वारला, मागे कुणी उरलं नाही, घर पडलं, आणि काकूंचं जाणं संपलं. दिवाळी झाली की गल्लीतल्या बायका ट्रंका घेऊन स्टँडवर निघत आणि काकू दारात उभ्या राहून त्यांना सांगत, "सावकाश या गं." नाना कुठे चला म्हणाले की त्यांचं एकच, "घर सोडून मी न्हाई येत." नानांनी ते मनावर घेतलं होतं. चार दिवस तरी हिला बसून खायला घालायचं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती. "घर सोडायचं न्हाई ना? मग घरच नेऊ."

एकाहत्तर सालची दिवाळी असावी. भाऊबीज झाली आणि नानांनी आम्हा नवराबायकोला बरोबर चला म्हणून गळ घातली. माझी बायको सुधा खरं तर माहेरी निघाली होती. नाना तिच्याशी ओसरीवर काहीतरी बोलले आणि तिने जाणं पुढे ढकललं. माझ्यासाठी तिने एक दिवससुद्धा कधी पुढे ढकलला नव्हता, हे इथे नोंदवतो.

काकू मात्र अडून बसल्या. शेवटी नानांनी घरातले देव उचलून ट्रकमधल्या देव्हाऱ्यात ठेवले. मग त्यांच्या मागे काकूंना यावंच लागलं.

अकोल्यापर्यंत ठीक चाललं. राजूरला पेढे घ्यायला आणि चहाला उतरलो. चहा झाला, आम्ही रिवाजाप्रमाणे उंबरठ्याखाली चपला काढल्या, ओळीत लावल्या, आत जाऊन बसलो आणि निघालो. नानाही आधी मागच्या दाराने घरात येत, देवाला नमस्कार करत आणि केबिनकडच्या बिनगजाच्या खिडकीतून पुढे जाऊन अनवाणीच गाडी चालवत. हा त्यांचा नेम.

शेंडी आलं. मी ऐटीत खाली पाय टाकला आणि खड्यांनी कळवलं की आमच्या चौघांच्या चपला राजूरला हॉटेलापुढे ओळीत उभ्या आहेत.

"नाना, आपण चपला विसरलो."

"मानूस चपला भाईर सोडून घरात गेला," नाना शांतपणे म्हणाले, "ह्यात इसरलं काय?"

धरण काठोकाठ भरलेलं होतं. मुंबई-पुण्याची पर्यटक मंडळी पाण्याच्या कडेला सतरंज्या टाकून बसली होती, कुणी राहुट्या ठोकल्या होत्या. मी म्हटलं, तिथेच गाडी लावू. नानांनी ऐकलंच नाही. गावात आत शिरून, एका मोकळ्या जागेत, फणसाच्या झाडाखाली त्यांनी ट्रक उभा केला. तिथून तळं दिसायला टाचा उंचवाव्या लागत. मी कुरकुरलो. नाना मात्र गाडी इंचाइंचाने मागेपुढे करत होते. दार अमुक दगडाच्या समोरच यायला हवं होतं. तो दगड म्हणजे जुन्या कुठल्या तरी घराची पायरी होती.

काकू खाली उतरल्या. अनवाणीच त्या पायरीशी गेल्या आणि तिच्यावर बसल्या. मग फणसाकडे पाहत म्हणाल्या, "ह्यो लई वाढला."

पुढचे दिवस नानांच्या हातचं जेवण, हा स्वतंत्र अनुभव आहे. बायकांनी स्टोला हात लावायचा नाही असा हुकूम होता. मदतीला मी. ट्रक ड्रायव्हरला तिखट केवढं लागतं, ते मला तिथे कळलं. पहिल्या दिवशी पिठल्याने माझ्या कानातून वाफ निघाली. दुसऱ्या दिवशी नानांनी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायला घेतली, कारण काकूंची आई ती करायची. एकेक शेंगोळं हातावर वळताना नाना घामाघूम झाले. काही बोटाएवढी झाली, काही मनगटाएवढी. बारकी विरघळली आणि जाडी आत कच्ची राहिली. काकू पायरीवर बसून नुसत्या तळमळत होत्या. "अवो, मीठ तरी बघू द्या मला."

"तू बस. तुला कुनी बोलावलं इकडं?"

मग त्या हात मांडीवर ठेवत, उचलत, पुन्हा ठेवत. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. शेंगोळी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली. सकाळी मी डबा खाली ठेवताना आवाज केला की नाना ओठांवर बोट ठेवत. "हळू. झोपलीय ती." संगमनेरात साऱ्या गल्लीच्या आधी उठणाऱ्या काकू तिथे उन्हं वर येईपर्यंत झोपत.

निघायच्या दिवशी नाना म्हणाले, "चपला घिऊन येतो." गाडी न्या म्हटलं, तर म्हणाले, "घर घिऊन कुनी चपला आनाया जातं का?" आणि अनवाणीच एस्टीने राजूरला गेले.

दुपार उलटल्यावर परत आले, तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, पायात स्वतःच्या चपला. एका हातात आमच्या चपलांचं पोतं, दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा आणि खण-नारळ. स्वतः बांधलेल्या घरात न शिरता ते पायरीपाशी थांबले आणि खाकरले.

"कोन हाय का घरात?"

मी हसायला तोंड उघडलं होतं. सुधाने माझ्या पायावर पाय दिला, आतून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणला आणि पदर सावरून विचारलं, "कुठून आलात म्हणायचं?"

"संगमनेरास्नं. आमच्या मंडळींना न्याया आलोय."

आत काकूंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. पाहिलं तर त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. चेहऱ्यावर नव्या नवरीसारखी लाज होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला इथे कशाला आणलंय, तेही कळलं. घसा नीट करून मी उंबरठ्यावर गेलो.

"एवढी काय घाई आहे, दाजी? इतक्या वर्षांनी आलीय. दोन दिवस राहू द्या की आमच्या अक्काला."

नाना फेट्याचं टोक चाचपत राहिले. आतून काकूंचा आवाज आला. मला आजवर मास्तर म्हणणाऱ्या काकू म्हणाल्या, "दादा, त्यांना म्हनावं, परवा या."

नानांनी मान हलवली, खण-नारळ पायरीवर ठेवला आणि ते तळ्याकडे चालू लागले. सासुरवाडीहून रिकामा पाठवलेला जावई घरात कसा झोपणार? ते पुढे केबिनमध्ये झोपले.

सकाळी स्टो पेटवायची पाळी माझ्यावर आली. मी भांड्यांना हात घातला, तर केबिनच्या काचेआडून फेटा हलला. नाना ओठांवर बोट ठेवून मला खुणावत होते.