डोळ्यांवरची काळी पट्टी

ताईच्या चष्म्याच्या दुकानात सकाळी पहिलंच गिऱ्हाईक कॅमेऱ्यासमोर बसलं आणि धाकट्याने कॉम्प्युटर सुरू केला. धाकटा म्हणजे ताईचा प्रोग्रॅमर भाऊ. समोर नवं चकाचक दुकान निघाल्यापासून ताईची माणसं एकेक करून तिकडे वळत होती. म्हणून त्याने खास प्रोग्रॅम लिहिला होता: पडद्यावर आपला चेहरा, आणि त्यावर हवी ती फ्रेम बसवून बघायची. फ्रेमच्या चित्रात काचांची जागा पारदर्शक. घरच्या कॉम्प्युटरवर सगळं झकास चाललं होतं. ताईने जुन्या गिऱ्हाइकांना हौसेने बोलावणी धाडली होती.

दुकानातल्या कॉम्प्युटरची सिस्टीम मात्र वेगळी. "कुठल्याही सिस्टीमवर चालतं गं," धाकट्याने छातीठोक सांगितलं होतं. चाललंही बिचारं. फक्त पारदर्शक जागा तिथे काळीकुट्ट उमटली, आणि कॅमेऱ्यासमोर बसलेल्या निवृत्त हेडमास्तरांच्या डोळ्यांवर आडवी काळी पट्टी आली.

"अगं बाई!" त्यांची बायको किंचाळली. "पेपरात चोरांचे फोटो छापतात तसे दिसताय तुम्ही!"

"आयुष्यभर पोरांना शिस्त लावली, त्याचं हे बक्षीस?" म्हणत हेडमास्तर तरातरा निघून गेले.

"आत्ता करतो, ताई, आत्ता!" धाकट्याने घाम पुसत प्रोग्रॅमला बजावलं, काळा रंग दिसला की तो रंगवूच नकोस. पट्टी गेली. पुढच्या आजींनी नेमकी काळी फ्रेम निवडली. तीही गेली!

"चष्मा कुठाय?" त्यांच्या सुनेने विचारलं.

धाकट्याने घाईघाईने तपकिरी फ्रेम लावली. तिच्या दांड्या काळ्या निघाल्या. मधला भाग तेवढा नाकावर अधांतरी उरला. सून फिसकन हसली. आजींनी पर्स उचलली.

"आम्ही जरा समोर बघून येतो हं."

असं म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही, हे ताईला चांगलं ठाऊक होतं.

दुपारपर्यंत दुकान ओस पडलं. तेव्हा कुठे धाकट्याच्या डोक्यात उजेड पडला. चित्रात पारदर्शक जागा आहे, हे या सिस्टीमला आधी वेगळं सांगावं लागतं. एका ओळीचं काम!

"ताई, जमलं! बस इथे. चष्मा काढ तुझा."

ताई बसली. काळी फ्रेम चपखल बसली. काचांच्या जागी काळा ठिपकासुद्धा नाही.

"कशी आहे? सांग ना!"

ताई डोळे बारीक करून पुढे वाकली, पार नाक पडद्याला टेकेपर्यंत. "मला काय दिसणार, कप्पाळ? चष्मा काढायला लावलास ना."

धाकटा गार पडला. चष्मा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाचं हेच होणार होतं.

"तुला आधीच कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस? सगळी माणसं गेली गं तुझी!"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू आपणहून म्हणालास, ताई, तुझ्यासाठी काहीतरी करतो. नको कसं म्हणू रे?" ताईने आपला चष्मा चढवला. "जाऊ दे. ती फ्रेम शोभत होती का मला?"

धाकटा ती फ्रेम पुन्हा बघायला पडद्याकडे वळला. त्याने सगळा वेळ नुसत्या काचाच बघितल्या होत्या.