बिनकाट्याचा रोहू

माझा मोठा भाऊ सुखदेव रोहूचे काटे भुवया कोरायच्या चिमट्याने उपटतो. सानगडीच्या बाजारात, बांगड्यांच्या दुकानातून त्याने तो स्वतः निवडून आणला. दुकानवालीने हसत विचारलं, भाऊ, कोणासाठी? हा गंभीरपणे म्हणाला, रोहूसाठी.

रोहूचे मोठे काटे निमूट निघतात, पण पाठीच्या मांसात केसासारखे बारीक, फाटे फुटलेले काटे दडलेले असतात. आमच्याकडे माणूस लहानपणीच ते जिभेने बाजूला करायला शिकतो. भाऊ मात्र मासा अर्धवट वाफवतो, अंगणात उजेडाला बसतो आणि बोटाने चाचपत एकेक काटा काढतो. दोन-तीन तास जातात. मध्ये कोणी बोललं तर नुसता हात वर करतो. तो गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, पण एवढी काळजी त्याने एखाद्या गायीची घेतली असेल असं मला वाटत नाही. "रिक्स घ्याची नाई," हे त्याचं ब्रीद. निघालेले काटे स्टीलच्या वाटीत जमतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले जातात.

मग डब्यात थर लागतात. खाली बटाट्याच्या चकत्या, वर मासा, त्यावर दुधात पीठ शिजवून केलेलं लसूण-मिऱ्याचं पांढरं कालवण, सगळ्यांत वर टोस्टचा चुरा. हे सगळं तो मोबाइलवर पाहून शिकला. याला भट्टी लागते, म्हणून डबा सायकलच्या कॅरियरला बांधून तो बेकरीत जातो. टोस्ट निघाले, भट्टी जराशी निवली की त्याचा डबा आत. बेकरीवाला कुरकुरतो, की गिऱ्हाईक चहात टोस्ट बुडवते अन् विचारते, मच्छीचा वास काहून येऊन राहिला? भाऊ त्याला सांगतो, "मंग टोस्टचा भाव वाढव नं."

गावाला हा मासा मंजूर नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने चव घेऊन निकाल दिला, की याला मुंडी नाही, रस्सा नाही, काटा नाही. हे दात पडलेल्याचं जेवण झालं. भाऊला त्याचं काही वाटलं नाही. गावासाठी तो करतच नव्हता.

कोणासाठी करत होता हे मला माहीत होतं, आणि खरं काय ते सांगायला मी इतकी वर्षं लावली.

माझी मुलगी प्रज्ञा नऊ वर्षांची असताना भाऊच्या घरी जेवताना तिच्या घशात काटा अडकला. वहिनीने तिला कोरड्या भाताचे दोन घास गिळायला लावले. काटा उतरला आणि पोरीने लगेच पुन्हा रस्सा मागून घेतला. पुढे वहिनी वारली. मूलबाळ नाही. दर शनिवारी भाऊचा फोन यायचा, "जयभीम. उद्या येता का सारे? रोहू आणतो." भंडाऱ्याहून तास-सव्वा तासाची वाट. पण वहिनी नसलेल्या त्या घरात काय बोलावं हे मला सुचायचं नाही, आणि निघताना त्याच्या तोंडाकडे बघवायचं नाही. एका शनिवारी मी सांगून टाकलं, पोरगी काट्याला घाबरते, भाऊ. सोपं पडलं. मग दर वेळी तेच सांगत गेलो.

काही महिन्यांतच तो बांगड्यांच्या दुकानात गेला. तरी माझं कारण तेच राहिलं.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो, तोही एकटा, तोही साकोलीला ऑफिसचं काम निघालं म्हणून. सकाळी फोन केला होता. दुपारी पोचलो तेव्हा टॉवेलात गुंडाळलेला गरम डबा तयार होता. वरचा चुरा खरपूस, आत मासा लोण्यासारखा. खरंच छान झाला होता. भाऊ स्वतः जेवेना, माझा प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "प्रज्ञाले सांग, एकबी काटा नाई म्हणून. वाटीचा फोटो पाठवू का तिले?"

प्रज्ञा आता पुण्यात नोकरी करते. मिळेल ती मच्छी काट्यासकट खाते.

हातातला घास ताटात ठेवला. मी म्हणालो, "ती कधीच घाबरत नव्हती, भाऊ. मी खोटं सांगत होतो."

तो चिडेल असं वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "नाई घाबरत? बरं झालं बाप्पा. मले वाटे, माह्या घरी जेवून पोरीचं मासे खाणंच सुटलं."

तो उठला, डब्यातून आणखी एक थर उचलला, माझ्या ताटात वाढला. आणि वाढता वाढता थांबला.

"मंग येत काहून नाई रे तुमी?"

आवाजात राग नव्हता. गुराला काय होतंय असं दवाखान्यात आलेल्या मालकाला विचारावं, तसं त्याने विचारलं.  तो वाढायचा डाव हातात धरून उत्तराची वाट बघत उभा होता.