परत आलेल्यांचे फोटो

आमच्या कापडे गावात धोंडूभावजी फोटो काढतात, पण फक्त परत आलेल्या माणसांचे. जाणाऱ्याने कितीही नटूनथटून उभं राहावं, ते खिशातून मोबाइल काढत नाहीत. मी डोळ्याच्या ऑपरेशनला महाडला निघाले तेव्हा इस्त्रीची साडी नेसले होते. म्हटलं, "भावजी, काढा की एक." तर म्हणाले, "आधी या तर खऱ्या." चौथ्या दिवशी एसटीतून उतरले ती डोळ्याला हिरवी पट्टी आणि गाडी लागून तोंड कडू झालेलं. हे फाट्यावर हजर. "वयनी, हलू नका. दोन्ही पाय टेकू देत." तो फोटो अजून त्यांच्याकडे आहे. कितीदा सांगितलं, पण पुसत नाहीत.

पाय जमिनीला टेकल्याशिवाय माणूस आला असं धरायचं नाही, हा त्यांचा नियम. एका गणपतीत कोणाचा तरी मुंबईचा जावई एसटीच्या पायरीवरच मोबाइलवर बोलत राहिला, तर भावजींनी गाडी हलू दिली नाही. कंडक्टर म्हणाला, "ओ मामा, लग्नाचा फोटो हाय काय?"

"उतरू दे नीट. घाई तुला हाय, त्याला नाय."

लोक हसतात, मीही हसते. पण त्या मोबाइलमध्ये कोणाचा फोटो नाही ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. भावजींचा महेश सहा वर्षांपूर्वी पुण्याला गेला. स्वतःची गाडी घेऊनच येईन, असं चारचौघांत सांगून गेला. पुढे नोकरी सुटली, मग संसारही मोडला. गावात तोंड दाखवायची लाज वाटते, असं माझ्या मुलीजवळ बोलला. आई त्याची आधीच गेलेली. भावजींना विचारलं की एकच उत्तर, "गेला तसा येईल. घर त्याचंच हाय, मी काय बोलवायचा?"

गेल्या दिवाळीनंतर मी मुंबईला मुलीकडे निघाले, तेव्हा दाताचं निमित्त काढून भावजीही सोबत आले. मुलीने आम्हाला एका म्युझियममध्ये अवकाशयानांचं प्रदर्शन बघायला नेलं. रॉकेटची मॉडेलं पांढरीशुभ्र, छताला टेकलेली. त्यांच्यापुढे फोटो काढायला ही गर्दी. भावजी हात पाठीमागे बांधून पुढे चालले. "हे सगळे जाणारे," एवढंच म्हणाले.

शेवटच्या दालनात मात्र थबकले. तिथे भाताच्या कणगीएवढी एक कुपी ठेवली होती. अंतराळात फिरून समुद्रात उतरलेली. बूड भाजून काळं पडलेलं, जागोजागी पोपडे. तिच्यापुढे कोणीच नव्हतं. भावजींनी चपला काढून बाजूला ठेवल्या, गुडघे टेकले आणि त्या काळ्या बुडाचे फोटो काढायला लागले. माहिती सांगणारी मुलगी धावत आली.

"काका, पुढून घ्या ना, पुढून छान दिसतं."

"पुढचं राहू दे गो. आत कोण व्हता?"

"कोणीच नाही."

"मंग वाट कशी कळली?"

"खालून संदेश पाठवतात. तो मिळाला की यान वळतं."

"आणि नाय पाठवला तर?"

"तर वरच फिरत राहतं."

भावजींनी तिला हे पुन्हा सांगायला लावलं. तिनेही सांगितलं बिचारीने. मग उठेचनात. मला वाटलं, गुडघा धरला. मी हात दिला तो त्यांनी नुसता धरून ठेवला.

घरी आल्यावर मुलीने चहा केला. भावजी मोबाइल घेऊन माझ्याशेजारी बसले. त्यांना टाइप करता येत नाही. मला येतं. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण नातवंडांच्या नादाने शिकले.

"त्यातला एक फोटो महेशला धाडा."

"खाली काय लिहू?"

आधी त्यांनी त्याची भरपूर उणीदुणी काढली. सहा वर्षांची साठलेली. मी बोट नुसतं फिरवत राहिले, लिहिलं काही नाही. शेवटी म्हणाले, "लिवा. हे एवढं भाजून आलं तरी लोक बघायला येतात. तिकीट काढून येतात."

मी लिहिलं.

"आपल्या घराला तिकीट नाय, तेपण लिवा."

तेही लिहिलं. "धाडू?"

"थांबा. त्यात 'ये' म्हटलंच नाय."

मी लिहायला गेले, तर मोबाइल माझ्या हातातून घेतला. चष्मा कपाळावर सरकवून, बोटाने एकेक अक्षर चाचपत ते एक अक्षर त्यांनी स्वतः शोधलं. तोवर त्यांचा चहा पार गार झाला होता.