हगाम्याचा पंच

वैजनाथची गाडी तिसगावच्या चौकात थांबली, कारण म्हैस आडवी आली. मागून कांद्याचा टेम्पो धाडकन येऊन आदळला. वैजनाथ टुणकन खाली उतरला, टेम्पोवाल्याला झापलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "मला काय धाड भरलीय? उद्याच्या हगाम्यात मीच पंच हाय."

हगाम्याची, म्हणजे यात्रेतल्या कुस्त्यांची, शिट्टी वीस वर्षं त्याच्या गळ्यात होती. तालमीतला जुना जोडीदार अजिनाथ दरवर्षी ती मागायचा. एक दिवस गैरहजर राहिलं की गेलीच, हे वैजनाथला ठाऊक होतं.

सकाळी मान उशीवरून निघेना. बायकोनं, सवितानं, दोन्ही हातांनी डोकं उचलून दिलं.

"काल तर उड्या मारीत हुता."

"काल दुखत नव्हतं गं."

डॉक्टर एंजेलांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं.

"मागून धक्का बसला की अंग सीटबरोबर पुढं ढकललं जातं, डोकं मागं राहतं, मग झटक्यात पुढं येतं. मानेचे स्नायू ताणतात. सूज सावकाश चढते, म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. दोन दिवस पट्टा लावा, मान अधूनमधून हळू हलवा. कुणाला चोळू, ओढू देऊ नका. आणि आज धावपळ नको."

"धावपळ कसली, नुसतं उभं ऱ्हायचंय," वैजनाथ म्हणाला. कुठं, ते सांगितलं नाही.

दुपारी पट्ट्यावर उपरणं गुंडाळून तो मैदानात उतरला. ऊन मी म्हणत होतं.

"एवढ्या उन्हात गळा का बांधलाय रं?" अजिनाथनं विचारलं.

"सर्दी झालीय."

हलगी कडाडली. वैजनाथला खाली बघता येईना, वळायचं तर सगळं अंग वळवावं लागे. पहिल्या चार कुस्त्या त्यानं गर्दीच्या आरोळीवरच निकालात काढल्या.

शेवटची मोठी कुस्ती पार्थ आणि भीमाची. भीमानं पार्थला खाली घातलं. अर्धं मैदान ओरडलं, "पाठ लागली." अर्धं ओरडलं, "न्हाई लागली."

"वाकून बघ की लेका," अजिनाथ कडेनं म्हणाला. "का मी येऊ?"

वैजनाथनं गुडघे टेकले, हात टेकले आणि तांबड्या मातीत सरळ कुशीवर आडवा झाला. गाल मातीला लावला. पार्थच्या खांद्याखाली दोन बोटं उजेड दिसत होता. भीमानं जोर लावला. उजेड एक बोट राहिला, मग मिटला.

शिट्टी वाजली. असा चोख निकाल कुणी पाहिला नव्हता. हरलेल्या पार्थनंसुद्धा मान डोलावली.

पंच मात्र उठेना. उपरणं सुटून पांढरा पट्टा उघडा पडला होता. दोन्ही पैलवान त्याचे हात धरून ओढायला धावले.

"ओढू नका त्यांना," बायकांच्या गर्दीतून डॉक्टर एंजेला गरजल्या. "आडवेच उचला. डोकं धरा कुणीतरी."

पैलवानांनी उचललं. डोकं अजिनाथनं धरलं, तळहातावर अंडं ठेवल्यासारखं. उचललेला माणूस दिसताच हलगीवाल्यांनी जिंकल्याची हलगी धरली आणि गर्दीनं पंचावर गुलाल उधळला.

"घे आता शिट्टी," वैजनाथ डोळे मिटून म्हणाला. "लई वर्सं मागत हुतास."

"गप पड, हलू नगंस," अजिनाथ त्याच्या कानाशी पुटपुटला. "मागायचं म्हनून मागत हुतो. मातीत लोळायचं म्हनल्यावर माझी कंबर ऱ्हाईल का?"