मुनघाटे डॉक्टरांचा सोफा

लेक मंजूला बघायला देवरीचे पाहुणे रविवारी येणार हे ठरलं, आणि गोपीचंद कापगते यांच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो त्यांना बसवायचं कशावर. अर्जुनी मोरगावच्या त्या घरात प्लास्टिकच्या सहा खुर्च्या होत्या, त्यांतल्या दोन फक्त हलक्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या. गोपीचंद एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं उभ्याने काढल्यामुळे बसण्याच्या सामानाबद्दल त्यांचं काही मत नव्हतं.

मत होतं ते सुनेचं. हर्षा नागपूरची, घरसजावटीचा सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली. तिला सोफाच हवा होता, आणि तोही साठ वर्षांपूर्वीच्या घडणीचा: बारीक तिरके पाय, बुटकी पाठ, लाकूड उघडं दिसणारं. गोंदियाच्या तीन दुकानांत ती सासू-सासऱ्यांना घेऊन फिरली. सगळीकडे बोडीच्या पाण्यात बसलेल्या म्हशींसारखे काळे, फुगीर सोफे. सासूबाई सुशीलाबाई प्रत्येकात बसून बघत होत्या आणि प्रत्येकातून त्यांना दोघांनी ओढून काढावं लागत होतं. शेवटच्या दुकानदाराला हर्षाने मोबाईलवरचा फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, ऐसा माल तो हम एक्सचेंज में भी नहीं लेते."

परतीच्या गाडीत गोपीचंदांनी तो फोटो पहिल्यांदा नीट पाहिला, आणि त्यांचा हात आपोआप दंडाकडे गेला.

"हा तं मुनघाटे डॉक्टरचा सोफा होय," ते म्हणाले.

मुनघाटे डॉक्टरांनी बाजारचौकात चाळीस वर्षं दवाखाना चालवला होता. ते वारले त्यालाही आता दहा वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी निर्मलाबाईंनी बंद दवाखान्याचं दार उघडून दिलं. भिंतीला लागून तो उभा होता: सागवानी चौकट, वेताची पाठ, हिरवं रेक्झीन. हर्षा खाली बसून त्याच्या पायांवरून हात फिरवू लागली. निर्मलाबाईंनी सुशीलाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, सुनेला बरं नाही का. मग म्हणाल्या, घेऊन जा, पैशाचं नाव काढू नका, रिकामा बघवत नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सोफा भरदुपारी बाजारातून निघाला, आणि चूक झाली ती इथेच. वर ताडपत्री टाकायला हवी होती. तालुक्यातल्या निम्म्या माणसांनी त्या सोफ्यावर बसून आपल्या नंबरची वाट पाहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा सुखराम सायकलचा पंप मागायला आला आणि सोफ्यावर टेकला. टेकला तसा सरळ होऊन बसला. थोड्या वेळाने त्याने जीभ बाहेर काढली.

"छातीत जळजळ करून राहिली जी," तो म्हणाला.

गोपीचंदांनी त्याला पंपाची आठवण करून दिली. सुखराम म्हणाला, पंपाचं नंतर पाहू. तो उठेना, तेव्हा गोपीचंदांनी त्याला सुशीलाबाई त्यांना रोज सांगत तेच सांगितलं: रात्री मिरची खाऊ नको, जेवल्याबरोबर आडवा होऊ नको. दोन दिवसांत सुखरामची जळजळ थांबली. त्याने ही गोष्ट स्वतःजवळ ठेवली असती तर पुढचं टळलं असतं. पण तो रोज सकाळी डेअरीवर दूध घालायला जात असे.

शुक्रवारी सकाळी सात वाजता सोफ्यावर चार माणसं होती आणि ओसरीत तीन. कोणी न सांगता एक उठला की बाकीचे सरकत होते. हा दवाखाना नाही, असं सुशीलाबाईंनी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. गल्लीतल्या एका बाईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग उपाशीपोटी यावं लागते का वो?"

गोपीचंद साध्या तक्रारीला गरम पाणी सांगत आणि जास्त असेल त्याला सरकारी दवाखान्यात पाठवत. दोन्ही सल्ले लोकांना एकदम पटत. शनिवारी हर्षाने रेक्झीन काढून मोहरीच्या रंगाचं नवं कापड लावून घेतलं. ओळख पुसली जाईल असा तिचा हिशेब होता. बाहेर बातमी गेली की दवाखाना सुधारला.

रविवारी गोपीचंदांनी दारावर 'आज बंद' अशी पाटी लावली. त्यामुळे इतर दिवशी चालू असतं, हे आपोआप कबूल झालं.

दहा वाजता देवरीहून बकाराम, त्यांची बायको आणि मुलगा स्वप्निल आले. बकाराम म्हणजे वीस एकर धानाचा धनी, भरघोस मिशांचा माणूस. मध्यस्थाने त्यांच्याबद्दल सांगितलं होतं की त्या घरात कोणाला कधी सर्दी झालेली नाही. तिघं सोफ्यावर बसले. हर्षाने प्रवासाची चौकशी केली, पण बकाराम समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"मले शुगर आहे," ते एकाएकी म्हणाले. "सात वर्षं झाली. सोयऱ्याईले आजपावतो सांगतलं नाई."

त्यांच्या बायकोने नवऱ्याकडे रागाने पाहिलं, आणि मग आपले दोन्ही गुडघे दाखवले. उरला स्वप्निल. त्याला झोप लागत नव्हती.

"कायले?" गोपीचंदांनी सवयीने विचारलं.

"पुण्याची नोकरी सुटली ना जी. दोन महिने झाले."

हे बकारामांनाही नवीन होतं. तेवढ्यात मंजू चहा घेऊन आली. तिला पाहुणीच्या शेजारी, सोफ्याच्या टोकाला बसवलं. सुशीलाबाईंनी डोळ्यांनी पुष्कळ खुणावलं, पण मुलगी बसली होती.

"हे पाहुणे येनार म्हटल्यापासून पोटात गोळा येते," मंजू म्हणाली. "मले पोस्टातली नोकरी सोडाची नाई. आईनं म्हटलं होतं, आताच सांगू नको."

स्वप्निलने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"गोळा मले बी येते," तो म्हणाला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून गोपीचंदांनी बकारामांना रोज सकाळी बांधावरून दोन फेऱ्या मारायला सांगितल्या, त्यांच्या बायकोला तिळाचं तेल सांगितलं, आणि स्वप्निलला म्हणाले, "तू आज सांगून टाकलं, आता झोप येईल." कळवतो, एवढं बोलून पाहुणे गेले.

दोन दिवस फोन आला नाही. सुशीलाबाई जेवायला वाढत, पण बोलत नसत. हर्षाने सोफा परत देण्याची तयारी दाखवली. मंजू तेवढी रोज वेळेवर पोस्टात जात होती.

बुधवारी दुपारी बकारामांचा फोन आला. घरातली सगळी कान लावून उभी राहिली. बकाराम दहा मिनिटं फेऱ्यांबद्दल बोलले, बायकोच्या तेलाबद्दल बोलले, स्वप्निल सकाळी आठपर्यंत झोपून राहतो म्हणाले. मुलगी पसंत आहे, नोकरी करू द्या, हेही त्यातच मध्ये कुठेतरी येऊन गेलं. गुरुवारी तारीख काढायला येतो, असं ठरलं.

फोन ठेवता ठेवता ते थोडे अडखळले. "संग मोठे भाऊ आहेत जी. त्याईचा कमरेचा एक्स-रे आणला तं चालते का?"

सुशीलाबाईंनी हाताने नाही नाही अशी खूण केली. गोपीचंदांनी ती पाहिली, चष्मा पुसला आणि क्षणभर विचार केला.

"जुना असन तं तो बी आणा," ते म्हणाले.