भांडण सूर्यास्तानंतर

बेकरीवाल्याच्या मैदा मळायच्या यंत्राची मोटर दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जळाली, तेव्हा ती पोत्यात घालून तो स्वतःच बसमध्ये चढला. आजवर मोटर दुरुस्तीला पार्सलने जायची, पार्सलनेच यायची; दूरच्या गावातल्या त्या वाइंडिंगवाल्याचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. सहा तासांच्या प्रवासात त्याने एकेका शब्दाला धार लावली.

दुकानात शिरताच त्याने मोटर टेबलावर आदळली. "वाइंडिंग येतं का तुम्हाला, की नुसती तार गुंडाळता? चार दिवस भट्टी थंड आहे माझी! गिऱ्हाईक समोरच्याकडे जातंय!"

"माझा रोजा आहे," वाइंडिंगवाला शांतपणे म्हणाला.

"मग?"

"रोजात भांडायचं नसतं. संध्याकाळी सुटला की तुम्ही म्हणाल तितकं भांडू. तोवर पाहुणे आहात. आई, यांना जेवायला वाढ गं!"

दुकानामागेच घर होतं. म्हातारी ताट घेऊन आली. बेकरीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमचं जेवलो तर तुम्हालाच बोलू कसा? आणि तुम्ही सगळे उपाशी! मीही नाही जेवणार!"

"बाळा, तुला कुठे रोजा आहे?"

"पाणीसुद्धा नको!"

वाइंडिंगवाल्याने मोटर उघडली. काळी पडलेली कॉइल हुंगली. "एका वेळी किती मैदा घालता?"

"चाळीस किलो."

"आणि यंत्र कितीचं आहे?"

"वीसचं. पण सकाळी घाई असते हो."

वाइंडिंगवाल्याच्या कपाळावरची शीर तटतटली. "माझा रोजा आहे," तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी स्वतःलाच.

"अडकलं की मी दांडक्याने ढोसतो. लगेच फिरतं!" बेकरीवाल्याने अभिमानाने सांगितलं.

"माझा रोजा आहे!" हे दातओठ खाऊन. हातातली पक्कड त्याने मुद्दाम लांबच्या फळीवर ठेवली.

दुपारभर दोघं समोरासमोर धुमसत बसले. तीनपर्यंत बेकरीवाल्याला वाइंडिंगवाल्याचा राग येत होता, चारनंतर भिंतीवरच्या घड्याळाचा आणि साडेपाचला स्वतःचा. भांडायला आलेला माणूस उपाशी बसलाय, हे गल्लीभर झालं. चांभाराकडून कलिंगड आलं, टायरवाल्याकडून रश्श्याचं पातेलं. "भांडायला ताकद लागते," असा निरोपही आला.

सूर्य मावळला. म्हातारीने पहिला खजूर बेकरीवाल्याच्याच हातावर ठेवला. मग पाणी, कलिंगड, गरम रस्सा, पुन्हा रस्सा. "घे रे, लाजू नकोस," म्हणत ती वाढत राहिली आणि सहा तास घासलेले शब्द एकेक करून रश्श्यात विरघळले.

वाइंडिंगवाल्याने हात धुतले, बाह्या सरसावल्या. "हं! आता बोला!"

"रस्सा फार छान होता."

"मोटरचं बोला!"

"चूक माझीच आहे. वीसच्या यंत्रात चाळीस घालतो मी."

वाइंडिंगवाला उभाच राहिला. "अहो, असं कसं? दुपारपासून राग गिळून बसलोय मी! आणि तुम्ही एका वाक्यात कबूल करता? मी काय करू आता?"

"ओरडा ना माझ्यावर. मी ऐकतो."

"खबरदार!" आतून म्हातारी म्हणाली. "पाहुणा आहे तो."

वाइंडिंगवाल्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मोटर खसकन पुढे ओढली. "मूर्ख! वीस किलोची तू! चाळीस उचलायला कुणी सांगितलं तुला? अक्कल गहाण टाकलीस?"

बेकरीवाला शेजारी मान खाली घालून बसला आणि मोटरच्या वतीने सगळं ऐकून घेत राहिला.